ग्रहण पाहायला बोटीवर: नांदुरा ते कव्वायी

आमच्या गावात, बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यात, ग्रहण म्हणजे दार लावून बसायची गोष्ट. माठात तुळशीचं पान टाकायचं, पोथी काढायची, आणि सुटलं की गल्लीतून ‘दे दान, सुटे गिऱ्हान’ अशी हाक यायची. डिसेंबर २०१९ मध्ये मी घरातली आठ माणसं घेऊन ग्रहण पाहायला केरळात निघालो, तेही बोटीवर मुक्कामाला, हे ऐकून आईने कपाळावर हात मारला. “गिऱ्हानात घराबाहेर नाई निंघत कोनी, अन् तू मले पान्यावर घेऊन चाल्ला?”

आता २०२७ आणि २०३१ च्या ग्रहणांची चौकशी करणारे फोन येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी माझं जुनं दुखणं. २२ जुलै २००९ चं खग्रास ग्रहण पाहायला मी आणि दादा मोटारसायकलवर जळगाव जामोद, बऱ्हाणपूर करत इंदूरला गेलो होतो. सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो त्या पट्ट्यात इंदूर अगदी येत होतं. पण जुलै महिना! पहाटे ढगांतच अंधार पडला, ढगांतच उजाडलं. सूर्याचं नखही दिसलं नाही. येताना पावसात भिजलो आणि दादा बऱ्हाणपूरपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली: ग्रहणाची जागा ठरवताना नकाशा नंतर, ऋतू आधी.

२६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण कंकणाकृती होतं. चंद्र पृथ्वीपासून लांब असला की तो सूर्याला पुरता झाकू शकत नाही, कडेने बांगडीसारखी चकाकती कड उरते. तो पट्टा उत्तर केरळातून तामिळनाडूत जात होता आणि कासरगोड जिल्ह्यातलं चेरुवत्तूर त्याच्या जवळपास मधोमध येत होतं. आमच्या बुलडाण्याकडून खंडग्रासच दिसणार होतं. डिसेंबरात त्या किनाऱ्यावर पाऊस उरलेला नसतो, हे पाहून मी चेरुवत्तूर धरलं.

बोट कशी आली ते सांगतो. चेरुवत्तूर लहान गाव, त्यात नाताळ. लॉज शोधायला लागलो तर बरेचसे आधीच भरलेले. बायकोचं म्हणणं वेगळंच होतं, “लेकरं शाळा बुडवून येतील, मी आणि वहिनी सुट्टी म्हणून येऊ. तीन मिनिटांच्या सूर्यासाठी नाही.” नकाशात पाहिलं तर शेजारीच नीलेश्वर, आणि तिथल्या कोट्टप्पुरमहून कव्वायीच्या बॅकवॉटरमध्ये हाउसबोटी सुटतात. अलप्पुळासारखी बोटींची जत्रा इथे नसते. राहणं, फिरणं आणि ग्रहण, तिन्ही एकाच ठिकाणी. तीन खोल्यांची बोट ठरवली.

त्या साली ऑक्टोबरच्या पावसात उभ्या सोयाबीनला कोंब फुटले होते, त्यामुळे दादा खर्चाचं नाव काढलं की गप्प व्हायचा. शेवटी कापसाची पहिली वेचणी विकून त्याने आपला वाटा दिला. वहिनीची अडचण निराळी होती. २६ तारीख मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे उद्यापनाचा, आणि त्याच दिवशी अमावास्या आणि ग्रहण. तिने भटजींना विचारून १९ तारखेच्या गुरुवारीच उद्यापन उरकलं. ग्रहणाची सहल आखताना पंचांग घरातल्या बायांना आधी दाखवा, तिकीट नंतर काढा. मी उलटं केलं आणि आठवडाभर चहा थंड प्यालो.

आम्ही गेलो भुसावळहून मंगला एक्स्प्रेसने. पश्चिम विदर्भातल्या माणसाला ही गाडी सोयीची, कोकण रेल्वेने थेट कासरगोडला पोचवते. साधारण एक दिवस आणि एक रात्र गाडीत जाते. दशम्या, तिळाची चटणी, जवसाची चटणी, शेंगदाणे आणि एक डबा भरून मुरमुऱ्याचा चिवडा बांधून घ्या. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. ग्रहणाच्या आठवड्याचं तिकीट हवं तर ६० दिवस आधी, आरक्षण उघडेल त्याच सकाळी बसलात तरच जागा मिळेल असं धरून चाला. कासरगोडहून नीलेश्वरला लोकल गाड्या आहेत.

आता कामाचा मुद्दा, आणि यात मी जवळजवळ फसलो होतो. हाउसबोटीचा दिवस सहसा दुपारी बाराला चढण्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरण्यापर्यंतचा असतो. ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, आठ वाजून चार-पाच मिनिटांनी, कंकण ९:२५ च्या सुमारास, मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, अकरानंतर. म्हणजे ज्या क्षणासाठी भुसावळहून निघालो त्या क्षणी बोटवाला आम्हाला धक्क्यावर उतरवून नवं गिऱ्हाईक चढवणार! फोनवर बोलताना मला हे सुचलंच नाही. लेकीच्या लक्षात आलं, तिने पावतीवरची वेळ वाचली. मग मालकाला पुन्हा फोन. त्याने नाताळाची गर्दी सांगून जादा तासांचे चार हजार मागितले, घासाघीस करून तीनवर आला. त्याचा राग आला होता, पण आता वाटतं की चूक माझीच. बोट ठरवतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: ग्रहण सुटेपर्यंत बोट आपली, त्या वेळात इंजिन बंद, आणि बोट कुठे थांबवायची ते आपण सांगू.

‘कुठे’ हा प्रश्न फार मोठा निघाला. आम्ही २५ तारखेला पहाटे पोचलो. सकाळी सव्वानऊला मी दादाला घेऊन धक्क्यावर उभा राहिलो. एका दिवसात सूर्याच्या जागेत डोळ्याला कळेल असा फरक पडत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी त्याच वेळी पाहून ठेवलं की उद्याचा सूर्य कळतो. तो आग्नेयेला, क्षितिजाच्या वर साधारण तीन मुठी होता. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश, शाळेत मी पोरांना हेच शिकवतो. बॅकवॉटरच्या काठाला नारळी इतक्या दाट की काठाशी बोट बांधली तर तीन मुठींपर्यंत झावळ्याच झावळ्या. म्हणून बोट पूर्व काठापासून लांब, रुंद पाण्यात थांबवायची ठरवली. बोटवाल्याला हिंदी थोडी यायची, माझं मल्याळम शून्य. मी वाळूत सूर्य, झाड आणि बोट काढून दाखवली. तो हसला आणि म्हणाला, “नो ट्री, ओके.” संपूर्ण प्रवासात एवढा समजूतदार माणूस दुसरा भेटला नाही.

बोटीवरचा दुपार-संध्याकाळचा काळ थोडक्यात सांगतो, कारण फोटोत दिसतो तसाच असतो: पाणी, नारळी, बगळे, जाळी टाकणारे होडकेवाले, वलियपरंबा बेटाची लांबलचक पट्टी आणि पलीकडे समुद्राचा आवाज. अंधार पडायच्या आत बोट थांबते, रात्री चालत नाही. मच्छरदाणी मागून घ्या. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच दोनदा सांगा, नाहीतर ताटात अख्खा मासा येतो. भाजी खोबरेल तेलात. आईने वास घेऊन ताट सरकवलं, “हे तं डोक्शाले लावाचं तेल हाय,” म्हणाली आणि दशमी-चटणी काढली. मुलांनी मात्र सगळं चाटूनपुसून खाल्लं.

आईचे वेध रात्रीपासूनच लागले होते. सूर्यग्रहणाला चार प्रहर आधी, असं ती म्हणते. मी वाद घातला नाही. ती खोलीत बसणार, आम्ही बाहेर, एवढंच ठरलं. मुलांना सातला पुट्टू (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) आणि हरभऱ्याची उसळ खाऊ घातली. ज्यांना वेध पाळायचे त्यांनी पाळावेत, पण लहान पोरं आणि गोळ्या घेणारी म्हातारी माणसं बोटीवर उपाशी ठेवू नका. आईला रक्तदाबाची गोळी मी पाण्यासोबत दिलीच, तुळशीचं पान घालून.

चष्म्यांबद्दल. आयएसओ १२३१२-२ असं छापलेले ग्रहणाचे चष्मे घ्या, तेही माणसागणिक एक आणि दोन जादा. प्रत्येक चष्मा आधी उजेडाकडे धरून टाचणीएवढं छिद्र किंवा ओरखडा आहे का ते पाहा. आमचा एक निघाला, फाडून टाकला. लहान पोरांसाठी चष्मा कागदी पत्रावळीला कापून चिकटवा, म्हणजे बाजूने डोकावणं बंद. आपल्याकडे परातीत शेणाचं किंवा हळदीचं पाणी करून त्यात सूर्य पाहतात, माझ्या आबाजींनीही तसंच पाहिलं होतं. ते सुरक्षित नाही. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काचही नाही. कंकणाकृतीत तर सबंध वेळ चष्मा लागतो, कारण सूर्य कधीच पूर्ण झाकला जात नाही. दुर्बीण बोटीवर नेऊ नका. इंजिन बंद असलं तरी कोणी स्वयंपाकघरातून पुढे आलं की बोट हलते आणि सूर्य दुर्बिणीतून निसटतो. मी आणली होती, पेटीतच राहिली.

दुर्बिणीपेक्षा उपयोगी पडला बायकोचा झारा. बुंदी पाडायचा. आठनंतर काही वेळाने तो पांढऱ्या चादरीवर धरला तर प्रत्येक छिद्राखाली चावलेल्या भाकरीसारखा एक-एक सूर्य. बोटीवरचा पोरगा, स्वयंपाकी, शेजारून जाणारे दोन होडकेवाले, सगळे त्या चादरीभोवती जमले. भाषेची गरजच पडली नाही. पुण्याहून मामेभावाचा फोन आला की तिकडे सगळं आभाळ भरलंय. आमच्याकडे मात्र आकाश मोकळं होतं, आणि खरं सांगतो, इंदूरची आठवण येऊन मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती.

नऊनंतर उजेड पातळ होत गेला. संध्याकाळ होते तसा नाही. संध्याकाळी उजेड पिवळा होतो, इथे तो फक्त कमी झाला, ढगाळ दिवसासारखा, पण सावल्या तशाच रेखीव. ऊन अंगाला लागेनासं झालं. अंधार पडेल, चांदण्या दिसतील अशी आशा धरून जाऊ नका; ते खग्रासात. दादाची तीच आशा होती, तो “झालं का? झालं का?” विचारत राहिला. मग चष्म्यातून ती दोन टोकं एकमेकांना भेटली आणि बांगडी पूर्ण झाली. काठावरून, चेरुवत्तूरच्या दिशेने, माणसांचा एकच गलका पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. दादा काहीच बोलला नाही. पुतण्याने मोबाइलवर वेळ लावली होती, तीन मिनिटांहून थोडं जास्त भरलं.

त्यातला एक मिनिट मी बाहेर नव्हतो. आईने आतून हाक मारली होती.

या बोटींच्या भिंती आणि छत बांबूच्या चटयांचं असतं. चटईत बारीक बारीक फटी. आई पलंगावर जपमाळ घेऊन बसली होती, आणि समोरच्या भिंतीवर, उशीवर, तिच्या पांढऱ्या पदरावर शेकडो बारक्या बांगड्या पडल्या होत्या. प्रत्येक फटीतून एक कंकण. बोट हलली की सगळ्या एकदम हलायच्या. आई पदर पसरून बघत होती. “मी नाई गेली पाहाले,” ती म्हणाली, “तेच आलं.” मी वहिनीला, बायकोला बोलावलं. वहिनीने त्या उजेडाखाली हात धरला आणि मनगटावर बांगड्या भरल्यासारख्या मोजायला लागली. त्या मिनिटाचा एकही फोटो नाही.

सव्वाअकराला आईने बोटीच्या न्हाणीत डोक्यावरून अंघोळ केली. मग कमरेच्या पिशवीतून पन्नासची नोट आणि घरून आणलेले तांदूळ काढून बोटीवरच्या पोराच्या हातात ठेवले. तो गोंधळला, मालकाकडे पाहिलं. मी “टिप, टिप” म्हणालो. तांदळाचं काय करायचं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

दुपारी उतरून बेकलचा किल्ला पाहिला. केळदीच्या शिवप्पा नायकाचा, समुद्रात घुसलेला. वेळ असेल तर संध्याकाळ तिथेच काढा, पण ग्रहणाच्या दिवशी रस्त्यावर गर्दी फार, जेवढं अंतर तेवढ्याच्या दुप्पट वेळ धरा.

पुढच्यांसाठी दोन तारखा. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त आहे, आणि नाईलवरच्या जहाजांवरून ते पाहायची सोय आहे. ऐपत असेल त्यांनी जरूर जावं. ऊन मात्र आपल्या अकोल्याच्या मे महिन्यासारखं असेल. आपल्याकडे त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास, तेही भर पावसाळ्यात, त्यासाठी सुट्टी टाकू नका. २१ मे २०३१ चं कंकणाकृती मात्र आपल्या आवाक्यातलं आहे: कोची, अलप्पुळा, कोट्टायम, पुढे मदुराई. अलप्पुळाला हाउसबोटी भरपूर. पण तेव्हा सूर्य तीन मुठींवर नाही, जवळजवळ डोक्यावर असेल, म्हणजे बोटीचं छतच आडवं येणार. वर उघडा डेक असलेली बोट विचारून घ्या, नाहीतर त्या तासाला सरळ काठावर उतरा. शिवाय मे अखेरीला मान्सून केरळाच्या दारात असतो, तेव्हा एक दिवस आधी पोचून गरज पडली तर मदुराईकडे पळायची तयारी ठेवा. दादाने आत्ताच सांगून ठेवलंय की मोटारसायकलवर येणार नाही.

आणि झारा बोटीवरच राहिला. बायको अजून दर दिवाळीला बुंदी पाडताना त्याची आठवण काढते.