सुकीच्या काठाने: वर रानपिंगळा, खाली केळीच्या वॅगन

रानपिंगळा बघायचा म्हणून रात्रीची जीप ठरवू नका. हे घुबड दिवसा वावरतं. थंडीत पावणेसातला, उजाडता उजाडता, आपण जागेवर असावं. तेव्हा तो निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर ऊन खात बसलेला असतो. साडेनऊनंतर पानांत शिरला की शोधणं कठीण.

जायचं जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावी. दोन वाटा: सावद्याहून खिरोदामार्गे पाल, किंवा रावेरहून कुसुंब्यावरून पाल. पेट्रोल सावद्यात किंवा रावेरातच भरून घ्यावं आणि घाटात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये. पाल यावल अभयारण्याच्या कुशीत आहे. अभयारण्य १९६९ सालचं, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. सुकी आणि अनेर या इथल्या मुख्य नद्या. आत जायची परवानगी आधी वन खात्याच्या कार्यालयातून घ्यावी आणि वाटाड्या स्थानिक तडवी किंवा पावरा आदिवासी असावा. कोणत्या झाडाला ढोली आहे हे त्यांनाच माहीत असतं.

ओळखण्यात हमखास घोळ होतो. साधा पिंगळा गावाजवळ, शेताच्या बांधावर भेटतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. जंगली पिंगळ्याच्या डोक्यापासून अंगभर बारीक पट्टे. रानपिंगळ्याचं डोकं मात्र जवळजवळ कोरं, राखट-तपकिरी. पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोटाखाली स्वच्छ पांढरा भाग, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं. चिडला की शेपटी डावी-उजवी झटकतो. आधी डोकं बघा, मग शेपटी. पाठीवरून ठरवायला गेलात की चुकलात.

हा पक्षी ११३ वर्षं हरवला होता. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८४ साली शेवटचा नमुना मिळवला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला एक मिळाल्याचं सांगितलं. तो नमुना डेव्हिडसनचाच होता, चोरून नवं लेबल लावलेला! त्यामुळे पुढच्यांचा शोध भलत्याच मुलखात भरकटला. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ही लबाडी बाजूला ठेवून जुन्या नमुन्यांचे खरे पत्ते धरले, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी पुन्हा दिसला.

दाट झाडीत त्याला शोधू नये. त्याला विरळ, कोरडं सागवान लागतं: खाली सरडे आणि उंदीर दिसतील इतकी मोकळी जमीन, वर जुन्या झाडांची ढोली. इथेच जुन्या लाकूड व्यवसायाची खूण नीट बघा. जुन्या कूपांत, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यांत, साग खुंटापासून तोडला की त्याच खुंटातून तीन-चार धुमारे उठतात आणि सरळसोट काठ्यांचं जंगल तयार होतं. लांबून बघाल तर हिरवं, भरगच्च. पण अशा खोडांत ढोली होत नाही, त्याला वय लागतं. म्हणून खुंटावरचा साग दिसला की पुढे चालायचं आणि जाड बुंध्याचा साग, सालई, मोई किंवा धावडा शोधायचा.

घरटी साधारण ऑक्टोबर ते मे. ढोलीसमोर थांबू नये. नर भक्ष्य आणून देतो, माणूस दिसला की टाळतो, आणि आतली मादी उपाशी राहते. मोबाइलवरून त्याचा आवाज तर अजिबात वाजवू नये. खुशाल समोर येतो म्हणून लोक वाजवतात. तो येतो तो घुसखोर आला समजून, आणि शिकारीचा वेळ त्यातच जातो. दुर्बीण ८ बाय ४२ पुरे. पांढरा शर्ट नको.

दुपारी सुकीबरोबर खाली उतरावं. गारबर्डी धरणाच्या खालच्या अंगाला नदीचं पात्र गोट्यांनी भरलेलं आहे आणि पावसाळा सरला की त्यातलं पाणी दिसेनासं होतं. पायथ्याच्या या पट्ट्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. मोठे धोंडे आणि वाळूतून पाणी थेट खाली झिरपतं आणि पुढे रावेर-यावलच्या विहिरींना मिळतं. दुचाकी असेल तर पात्रात घालू नये. गोटे फिरतात, आणि टायर गेला तर ढकलत चढ चढावा लागेल.

त्याच पाण्यावर केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हा धंदा खरा उभा राहिला रेल्वेवर. सावदा आणि रावेर स्थानकांतून दिल्लीच्या बाजूला वॅगन भरून केळी जाते. वॅगन रोज लागत नाही, म्हणून स्थानकावर आदल्या दिवशी विचारावं. भरणी चालू असेल तर हमालांच्या वाटेत उभं राहू नये. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत, जुने कपडे घालून जावं.

भुसावळला परतताना बामणोद लागतं. डिसेंबर असेल तर भरताची वांगी तिथूनच घ्यावीत. हिरवी, लांबट, कमी बियांची निवडावीत. भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मात्र सावद्यातच घेऊन ठेवावं.