कॉइल वाजते, पंजा हलत नाही: रोबोकॉनच्या न्यूमॅटिक्सचा माझा अनुभव

सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने हवेची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचाराच: हा चालायला कमीत कमी किती दाब लागतो? जास्तीत जास्त किती चालतो हे सगळेच सांगतात. खालचा आकडा कोणी सांगत नाही, आणि आमचा ऐन तयारीतला वेळ त्या खालच्या आकड्यानेच खाल्ला.

एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची रोबो स्पर्धा. २०२२ च्या स्पर्धेचं यजमानपद नवी दिल्लीकडे होतं, म्हणून विषयही आपलाच होता, लगोरी. एका रोबोने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि दुसऱ्याने ती परत रचायची. रचणाऱ्या रोबोचा पंजा माझ्याकडे होता. तो दाबाच्या हवेवर, म्हणजे न्यूमॅटिक्सवर, चालवायचा हे लगेच ठरलं, कारण सिलिंडर (हवेच्या दाबाने दांडा ढकलणारी नळी) मोटरपेक्षा हलका पडतो आणि झटक्यात मिटतो. सिलिंडर, फिटिंग, ६ मिमीचा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप पुण्याजवळच्या भोसरीत मिळाले, इलेक्ट्रॉनिक्स पुण्याच्या तपकीर गल्लीत. व्हॉल्व्ह तेवढे ऑनलाइन मागवले.

लगोरीच्या सरावाच्या चकत्या आम्ही फोमच्या केल्या होत्या. सिलिंडर २५ मिमी बोअरचा, म्हणजे आतला व्यास २५ मिमी. ६ बारला तो साधारण २९५ न्यूटन जोर लावतो, म्हणजे ३० किलोचा भार. फोम चेपलाच असता. म्हणून दाबाची हवा साठवणाऱ्या बाटलीच्या पुढे, व्हॉल्व्हच्या आधी रेग्युलेटर बसवून दाब १ बारवर आणला. ४९ न्यूटन, पकडायला पुरेसे. बटण दाबलं. टक् आवाज आला, व्हॉल्व्हवरचा दिवा लागला, आणि पंजा जागचा हलला नाही.

मग सगळं सुरू झालं. मल्टिमीटर लावला, कॉइलवर (व्हॉल्व्हमधली विजेची गुंडाळी) २४ व्होल्ट बरोबर. कोड बदलून पाहिला. एक सीनियर म्हणाला ड्रायव्हर (कॉइलला वीज देणारं सर्किट) गेला, दुसरा म्हणाला सिलिंडर अडकलाय. सिलिंडर काढून हाताने ओढला तर लोण्यासारखा सरकत होता. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर मिळालं, "कॉइल वाजतेय ना? मग व्हॉल्व्ह चांगलाच आहे." डेटाशीट मागितली, आली नाही. बरीच हुज्जत घातल्यावर बदलून द्यायला तयार झाला, पण जुना नग पोचल्याशिवाय नवा निघणार नाही म्हणे. स्पर्धा तोंडावर असताना आम्ही कुरिअरची वाट बघत बसलो. नवा आला आणि तोही अगदी तसाच वागला.

तेव्हा मी वीज बाजूलाच ठेवली. व्हॉल्व्हच्या अंगावर एक बारीक बटण असतं, मॅन्युअल ओव्हरराइड. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ते दाबलं की कॉइलचं काम हाताने होतं. दाबलं, तरी पंजा ढिम्म. म्हणजे वायर, कोड, ड्रायव्हर सगळे सुटले. ते बटण दाबून धरलं आणि मित्राला रेग्युलेटर हळूहळू उघडायला सांगितलं. काटा २ बारच्या अलीकडे आला आणि फट्‌कन पंजा मिटला! परत १ बार, परत ढिम्म. व्हॉल्व्हच्या पोटावर विक्रेत्याने स्वतःचं बारकोडचं लेबल चिकटवलं होतं. नखाने खरवडून काढलं तर खाली कंपनीचा छापा होता: ०.१५ ते ०.८ मेगापास्कल. म्हणजे १.५ ते ८ बार. विक्रेत्याच्या माहितीत लिहिलं होतं ० ते ८ बार! लेबलाखालचा हा एक आकडा झाकला गेला नसता तर आमची सगळी धावपळ वाचली असती.

कारण असं: हे व्हॉल्व्ह पायलटवर चालतात. कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते, आतला स्पूल, म्हणजे हवेची वाट बदलणारा सरकता दांडा, ढकलायचं काम येणारी हवाच करते. हवेतच दम नसेल तर कॉइल वाजते आणि स्पूल बसून राहतो.

उपाय तीन आहेत. व्हॉल्व्हला पूर्ण दाब देऊन रेग्युलेटर त्याच्या पुढे, सिलिंडरच्या वाटेवर बसवायचा. तो उलटी हवा परत जाऊ देणारा लागतो. नाहीतर बाहेरून पायलट हवा घेणारा व्हॉल्व्ह घ्यायचा. आम्ही तिसरा केला, सिलिंडरच लहान केला. १२ मिमी बोअर ४ बारला ४५ न्यूटन देतो. जोर जवळपास तेवढाच, हवा कमी लागते, आणि बाटलीतला दाब ६ वरून ४ वर येईपर्यंत पकड एकसारखी राहते. पंजा पहिल्यांदा सलग चालला तेव्हा सगळी लॅब ओरडली.

२०२२ च्या नियमाप्रमाणे ६ बारच्या वर जाता येत नव्हतं. कोल्ड्रिंकची पेट (प्लास्टिकची) बाटली टाकी म्हणून चालायची, पण ती कोरी हवी, ओरखडा नको. नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून दाबावर तपासा. फुटली तर पाणी सांडेल, हवेसारखा स्फोट होणार नाही. चाचणीला गॉगल घाला, कितीही घाई असली तरी.

पाइप तिरका कापला की पुश फिटिंगमधून हवा गळते. कात्री नको, कटर वापरा, आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. वेग आवरायचा तर सिलिंडरमधून बाहेर पडणारी हवा रोखा. आत जाणारी रोखली की पंजा धक्के खात चालतो. कॉइलला उलटा डायोड लावा, आम्ही १एन४००७ वापरला. नाहीतर कॉइल बंद होताना विजेच्या झटक्याने कंट्रोलर रीसेट होऊ शकतो.

आणि एका कॉइलचा व्हॉल्व्ह असेल तर इमर्जन्सी बटण दाबल्यावर काय होतं ते रोबोने चकती उचललेली असताना करून बघा. वीज गेली की स्प्रिंग स्पूलला मागे आणते. आम्ही ती बाजू पंजा मिटलेला राहील अशी जोडली, म्हणजे बटण दाबलं तरी चकती खाली पडत नाही.