काकांची पेन्शन

बुधवार, रात्री

टूलरूममधल्या काकांना पुढच्या आठवड्यात अठ्ठावन्न पूर्ण होतील. निरोपाचा नारळ मात्र लांबला. मालकांनी त्यांना वर्षभराच्या काँट्रॅक्टवर ठेवून घेतलंय, पगार थोडा कमी करून. भोसरीत डाय, म्हणजे मशीनचा साचा, बसवणारा असा हात सहज मिळत नाही, आणि काकांनीही लगेच हो म्हटलं. सगळे म्हणतात, त्यांना कामाशिवाय करमत नाही. पगारपत्रक माझ्या हातात असतं, त्यामुळे मला ते पटत नाही. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता अजून चालू आहे आणि मुलगा चाकणला हंगामी कामावर.

आज जेवणाच्या सुट्टीत ते पेन्शनचं विचारायला आले. नोकरी १९९९ पासूनची, पगार बत्तीस हजार. पण ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या हिशेबात पंधरा हजारांवरचा पगार धरतच नाहीत. त्यातही सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना साडेसहा हजारांचीच मर्यादा. पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. वीस वर्षांवरच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची वाढीव सेवा धरूनही आकडा चार हजारांच्या आसपास आला. काकांनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून पुन्हा मांडलं. तेवढंच.

वर या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज जे चार हजार, ते सत्तराव्या वर्षीही चार हजार. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. सरकारी पेन्शनवाल्यांना भत्ता मिळतो, मग सव्वीस वर्षं ऑइलमध्ये हात घालणाऱ्याला का नाही?

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, साठपर्यंत थांबा, पेन्शन वाढते. वाढते खरी, वर्षाला चार टक्के. म्हणजे दोन वर्षं थांबून महिन्याला तीनशेच्या वर थोडेफार, आणि तोवर हातचे नव्वद हजारांहून जास्त जाणार. मी म्हटलं, "काका, थांबू नका. अठ्ठावन्न झाली की काम चालू असलं तरी पेन्शन घेता येते." हे त्यांना माहीतच नव्हतं. शेजारच्या युनिटमधल्या किती जणांना माहीत असेल?

"म्हणजे हप्त्याला हातभार लागेल ताई," म्हणाले. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी पुन्हा पुढे ढकललंय. काँट्रॅक्टमध्ये पगारी रजा धरलेली नाही. याबद्दल मालकांशी मलाच बोलावं लागेल. उद्या पेन्शनच्या अर्जाचा दहा-डी फॉर्म भरायला घेते. काकूंसोबतचा जोडफोटो आणि पासबुक आणायला सांगितलंय.