कान टवकारलेला डोंगर

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ६८७ मीटर ही उंची सांगितली की तो गालात हसतो. आमचं कळसूबाई १६४६! पण दक्षिण कोरियातल्या जिनानकडे जाताना, जिनसेंग या औषधी मुळीच्या शेतांवरच्या काळ्या आच्छादनांमागून दोन सुळके अचानक डोकं वर काढतात आणि हसू विरतं. माइसान, घोड्याच्या कानांचा डोंगर. कुठल्या तरी अजस्र घोड्याने आपली चाहूल लागून कान टवकारावेत तसा.

जवळ गेलं की दगड बघावा. नदीतले गुळगुळीत गोटे वाळूचिखलात घट्ट बसून झालेली ही चिक्कीच! सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी इथे सरोवर होतं. नद्यांनी आणलेला हा गाळ पुढे वर उचलला गेला. दक्षिणेच्या कड्यावर ठिकठिकाणी ढोल्या पडल्यात. भेगांत शिरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं, गोटे सुटतात, भोकं मोठी होत जातात.

लोककथेत हे सुळके म्हणजे नवराबायको. दोघांना स्वर्गात जायचं होतं. तो म्हणाला, रात्रीच निघू, कुणी बघणार नाही. ती म्हणाली, पहाटे जाऊ. पहाटे पाणी भरायला आलेल्या बाईने पाहिलं, ओरडली, आणि दोघं जागच्या जागी दगड झाले. नवऱ्याने चिडून मुलं आपल्याकडे ओढून घेतली म्हणे. ही गोष्ट रचणारा पुरुषच असणार. उंचीत मात्र बायको काकणभर सरस आहे! मधल्या खिंडीतला पाऊससुद्धा दोघांनी वाटून घेतलाय: उत्तरेचा गुम नदीतून पिवळ्या समुद्राला, दक्षिणेचा सोमजिन नदीतून दक्षिण समुद्राला.

पायथ्याच्या थाप्सा मंदिरात ई गाप-योंग नावाच्या साधकाने रचलेले दगडी मनोरे आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. ऐंशीच्या आसपास अजून उभे आहेत, सगळ्यात उंच तर १३ मीटरच्या वर. येणारेजाणारेही कपारीत एखादा खडा ठेवून जातात. तो पडू नये म्हणून श्वास रोखून धरलेली मोठी माणसं बघायला मजा येते.

नवऱ्याच्या सुळक्यावर चढायला बंदी आहे, बायकोच्या माथ्यावर पायऱ्यांनी जाता येतं. उतरताना दक्षिणेच्या वाटेवर डुकराच्या बरगड्या भाजल्याचा खमंग धूर नाकात जातो. शाकाहाऱ्यांनी रानभाज्यांचा बिबिम्बाप, म्हणजे भाज्या कालवून खायचा भात, मागवावा, अंडं नको हे आधीच सांगून. वरून लाल गोचुजांग, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, बिनधास्त घालावं. मराठी जिभेला ते जरा गोडच लागतं.