पालीचा कोपरा

आजचा रविवार गावच्या घराला मोशन सेन्सर बसवण्यात गेला. घर वर्षातले दहा महिने बंद, त्यामुळे आईच्या जिवाला घोर. बाहेरच्या खोलीत दारासमोर सव्वासात फुटांवर ठोकला, चालू केला, हात हलवले. ढिम्म! मग आठवलं, सुरुवातीला मिनिटभर त्याला स्थिरावू द्यावं लागतं.

खरी गंमत चालून बघताना. दारातून सरळ त्याच्या रोखाने गेलो तर पार खोलीच्या मध्यावर आल्यावर लाल दिवा लागला. आडवा गेलो तर दुसऱ्याच पावलाला! त्याची नजर पट्ट्यापट्ट्यांत विभागलेली असते; अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला कळतं, म्हणून. मग काढून बाजूच्या भिंतीवर नेला. (पहिली भोकं बुजवायचीत अजून.)

आई म्हणे, "खिडकीतून कुणी डोकावलं तर?" म्हटलं, काच लावलेली असेल तर नाही कळणार, काचेतून ही उष्णता आत येत नाही. तिला ते काही पटलं नाही.

चार वाजता सायरन बोंबलला. चहा टाकून धावलो. चोरबिर कुणी नाही, सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर ऐसपैस पाल!

आई शांतपणे म्हणाली, "तो कोपरा तिचाच आहे."