आरव्ही-९ए बांधणी: ट्रान्सपॉन्डरचं सेटिंग आणि एक चुकार ‘ओ’

आरव्ही-९ए म्हणजे मी स्वतः बांधत असलेलं छोटं विमान, आणि ट्रान्सपॉन्डर म्हणजे विमानाची ओळख, जागा आणि उंची रेडिओवरून सांगत राहणारा डबा (या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात). शनिवारी सकाळी त्याच्या सेटिंगसाठी हँगर उघडलं तेव्हा वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. वायरिंग मागच्याच आठवड्यात आटोपलं होतं. पोटाखालची अँटेना म्हणजे जेमतेम ७ सेंटिमीटरचा दांडा, १०९० मेगाहर्ट्‌झच्या लहरीचा पाव हिस्सा. पण तिच्या बुडाशी प्रायमर खरवडून चकचकीत ॲल्युमिनियम काढण्यात माझा अर्धा दिवस गेला होता. ते जमलं म्हटल्यावर सेटिंग काय, चार बटणं दाबायची!

पहिलीच ओळ विमानाच्या २४ बिटी पत्त्याची. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान-वाहतूक खात्याच्या) नोंदणीत तो दोनदा दिलेला असतो: एकदा ऑक्टलमध्ये ८ आकडी, एकदा हेक्समध्ये ६ आकडी. मी वहीत ऑक्टलवालाच उतरवून आणला होता. डब्यात घरं सहाच, दोन आकडे उरले. मग कागदावर तीन-तीन बिटांचे चार-चार करत बसलो. अमेरिकेतल्या ‘एन’ नंबरांचे हेक्स पत्ते ‘ए’ने सुरू होतात, आपल्याकडच्या ‘व्हीटी’ विमानांचे ८ ने. माझं उत्तर ‘ए’ने सुरू झालं तेव्हा जीव भांड्यात पडला. काही डबे नंबर टाकला की पत्ता आपोआप काढतात, पण मला हाताने टाकायची खुमखुमी.

पुढच्या ओळी भराभर गेल्या. वर्ग ‘हलका’, म्हणजे १५,५०० पौंडांच्या आतला. लांबी-रुंदीचा कोड १; तो १५ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद विमानापर्यंत चालतो, आमचं बाळ ६.२ मीटरचं. चाकांवर स्विच नाही, त्यामुळे जमिनीवर की हवेत हे डब्याने वेगावरून ओळखायचं. तिथे स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो) लागतो, मी ४३ नॉट दिला.

जीपीएसपाशी मात्र थांबा. एसआयएल (स्थानाच्या खात्रीचा दर्जा) ३ आणि एसडीए (यंत्रणेच्या रचनेच्या खात्रीचा दर्जा) २ हे आकडे मेन्यूत कोणालाही निवडता येतात, डबा हूं की चूं करत नाही. पण त्यांचा अर्थ ‘माझ्या जीपीएसवर इतका भरवसा ठेवा’ असा आहे, आणि तो भरवसा समोरचा कंट्रोलर आणि शेजारून जाणारं विमान ठेवणार असतं. टॅबलेटमधला जीपीएस जोडून ३ लिहिणं म्हणजे निव्वळ थाप. मी एडीएस-बीच्या नियमात बसणारा रिसीव्हर घेतला. खिसा हलका झाला, पण डॅलसच्या विमानतळाभोवतीच्या ३० मैलांच्या वर्तुळात, जिथे एडीएस-बी सक्तीचं आहे, राहायचं तर इलाज नाही.

दुपारी विमान ढकलत बाहेर उघड्यावर आणलं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला रेडिओ-रिसीव्हरचा डोंगल लावून, ट्रान्सपॉन्डरचे संदेश पकडणारं आमचं ‘रडार’ तयार होतंच. बायको लॅपटॉप घेऊन पंखाच्या सावलीत बसली, मी कॉकपिटमध्ये.

“दिसलं! पण अरे, उंचीच येत नाहीये याची.”

पोटात गोळा आला. एन्कोडरची (हवेच्या दाबावरून उंची काढून डब्याला कळवणाऱ्या यंत्राची) सीरियल वायर उलटी बसली की काय? पॅनेल उघडायला स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि मग डोक्यात प्रकाश पडला: जमिनीवर असताना जो स्थानाचा संदेश जातो त्यात उंचीची जागाच नसते. डब्याच्या स्वतःच्या पानावर बघितलं तर ५७५ फूट. अल्टिमीटर २९.९२ वर (इंचांतल्या प्रमाण दाबावर, एन्कोडर त्यावरूनच मोजतो) फिरवला, सुई ५८० च्या आसपास. एन्कोडर २५ फुटांच्या टप्प्याने सांगतो, त्यामुळे हे अगदी बरोबर. (सुई आधी स्थानिक दाबावर होती, ती तशीच ठेवून ताडून पाहिलं असतं तर आणखी एक तास वाया गेला असता.)

“आणि तुझ्या नंबरातलं शून्य वेगळं का दिसतंय?”

खरंच की. यादीतल्या बाकी विमानांच्या शून्यांना मधून तिरकी रेघ, माझं गोल गरगरीत. नॉब फिरवताना मी ‘ओ’वर थांबलो होतो, आणि डब्याच्या पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. गंमत म्हणजे हाच घोळ टाळायला एफएए नोंदणी-नंबरात ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरं देतच नाही. पत्ता बरोबर, नाव चूक: तसाच उडालो असतो तर एफएएच्या एडीएस-बी तपासणी-अहवालात लाल रेघ ठरलेली. दुरुस्त केलं, डबा बंद करून पुन्हा चालू केला, शून्याला रेघ आली.

आता एफएएच्या नियम ९१.४११ (उंचीची यंत्रणा) आणि ९१.४१३ (ट्रान्सपॉन्डर) च्या चाचण्या बाकी आहेत. रिपेअर स्टेशनचा माणूस मंगळवारी चाचणीची पेटी घेऊन येतोय. त्याआधी स्टॅटिक लाइनचे (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळीचे) जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे आहेत. डाव्या बाजूच्या टी-जोडावर माझा संशय आहे.