उकडलेला बटाटा आणि आमचे सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे निमंत्रण आले तेव्हा स्नेहसंमेलने, क्रीडांगण, वाचनालय अशा सगळ्यांविषयी थोडे थोडे लिहावे असे ठरवले होते. परंतु लिहायला बसल्यावर जीवशास्त्राच्या सरांपासून लेखणी हलेना, आणि ती हलवण्याची मला फारशी इच्छाही नाही.

अकरावीला विसरण (विरघळलेला पदार्थ दाट बाजूकडून विरळ बाजूकडे आपोआप पसरणे) आणि परासरण (पाणी पातळ पटलातून दाट द्रावणाकडे जाणे) शिकवताना पाठ्यपुस्तकातला प्रयोग सरांनी आम्हाला एकदा करून दाखवला. बटाट्यात खळगा करून त्यात साखरेचे द्रावण भरायचे, पातळीवर टाचणी टोचायची आणि बटाटा पाण्याच्या बशीत ठेवायचा. पातळी चढली. मात्र पाणी आत शिरले एवढेच यातून दिसते, किती शिरले ते कळत नाही, असे म्हणून सरांनी मोजता येईल असा प्रयोग आम्हालाच आखायला सांगितला आणि आराखडा पूर्ण होईपर्यंत कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

त्या आराखड्याइतके कशावरच आम्ही भांडलो नसू. एकाच बटाट्यातून, साल काढून, सारख्या लांबीच्या कांड्या कापायच्या आणि साध्या पाण्यापासून 1 मोलरपर्यंत (मोलर हे द्रावणाच्या दाटपणाचे माप) साखरेच्या चढत्या द्रावणांत ठेवायच्या, इथवर सगळे एकमताने झाले. 1 मोलरसाठी लिटरला 342 ग्रॅम साखर, म्हणजे 0.2 मोलरच्या 100 मिलिलिटरला 6.84 ग्रॅम, हा हिशेबही जमला. मग सरांचे प्रश्न सुरू झाले. परीक्षानळ्या उघड्या राहिल्या आणि पाण्याची वाफ झाली, तर द्रावण तेवढेच राहील का? बाहेर काढलेली कांडी टिपकागदाने किती टिपायची, आणि सगळ्या कांड्या सारख्याच टिपल्या हे कशावरून? सुरुवातीचे वजन सारखे नसेल, तर फरक ग्रॅममध्ये लिहून उपयोग काय? शेवटच्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला आणि फळ्यावर ‘शेकडा बदल’ असा नवा रकाना आला.

याच गडबडीत मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की, बटाटा स्पंजासारखा पाणी शोषत असेल, तर पेशीपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचा, त्यात संबंध काय? सरांनी उत्तर दिले नाही. ही शंका कशी फेडशील, एवढेच तिला विचारले. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, एक बटाटा उकडून बघू. शिपाईकाकांनी आपल्या चहाच्या पातेल्यात तो उकडून दिला (त्या दिवशी शिक्षकांचा चहा उशिरा झाला, हे जाता जाता नोंदवतो). उकडलेल्या बटाट्यातली पातळी चढली नाही, कारण उष्णतेने पटले नष्ट झाली होती आणि साखरेला अडवणारे काही उरले नव्हते. सरांनी पाठ्यपुस्तक मिटले आणि उरलेला तास तिच्या शंकेला दिला. पुढे कांड्यांचा आलेख काढला, तेव्हा 0.3 मोलरच्या आसपास रेषेने शून्य ओलांडले. त्या द्रावणात बटाट्याचे वजन ना वाढते ना घटते. तो आलेख माझ्याकडे अजून आहे.

अलीकडे भाच्याची प्रयोगवही पाहिली. कृती छापलेली, निष्कर्षही छापलेला, मुलांनी फक्त आकडे भरायचे. ते आकडेही आधीच्या तुकडीच्या वहीतून येतात, असे त्याने निरागसपणे सांगितले. मला ते सहन झाले नाही.

मी आज एक डायलिसिस केंद्र, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध करणारे केंद्र चालवतो. तिथले सगळे कामच विसरणाचे आहे. डायलायझरच्या, म्हणजे यंत्रातल्या गाळणीच्या, पटलाच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत एका रुग्णामागे 120 लिटर. त्यासाठीचे पाणी उलट परासरणाने, म्हणजे परासरण दाबापेक्षा अधिक दाब देऊन शुद्ध केलेले असते. द्रवात युरिया हा शरीरातला टाकाऊ पदार्थ मुळीच नसतो, म्हणून रक्तातला युरिया तिकडे जातो. सोडियम मात्र रक्ताइतकेच, लिटरला 140 मिलिमोलच्या आसपास ठेवतात, म्हणजे ते वाहून जात नाही. आमच्या आलेखातला शून्याचा बिंदू तो हाच. नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञांना यंत्राला हात लावण्याआधी कोणता पदार्थ कोणत्या दिशेने आणि का जाईल, हे मी कागदावर लिहायला लावतो. ते कुरकुरतात, आम्हीही कुरकुरत होतो. पण यंत्राची किल्ली तोवर माझ्याकडेच असते.